'सोबत जोडले आहे' म्हणजे नेमकं कसं जोडलंय?

शाईदौत (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी एका कचेरीत भाषांतराचं काम करते. कोणत्या ते विचारू नका, नोकरी टिकवायची आहे. गेल्या आठवड्यात एक इंग्रजी फाईल आली. मूळ पत्र दोन पानी आणि त्याच्या मागे शेपटासारखं एक अपेंडिक्स, दोन ॲनेक्शर, एक एन्क्लोजर, एक सप्लिमेंट, एक ॲडेंडम. शिवाय मजकुरात 'सी अटॅचमेंट' होतंच. मी आपलं सगळीकडे 'सोबत जोडले आहे' लिहून मोकळी झाले. मसुदा परत आला तेव्हा साहेबांनी प्रत्येक 'सोबत'भोवती पेन्सिलीने गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं, 'सगळंच सोबत?'

म्हटलं, ठीक आहे, कोश उघडू. परिशिष्ट, जोडपत्र, सहपत्र, पुरवणी, पूरकपत्र असे शब्द पटापट मिळाले. अटॅचमेंटसमोर मात्र ठसठशीत लिहिलेलं, 'जप्ती'. म्हणजे 'सोबतची जप्ती पाहावी' असं लिहू का?

मग घरी येऊन या शब्दांच्या मुळाशी गेले आणि रात्रीचा दीड वाजला. गंमत अशी की यातल्या प्रत्येक शब्दात हाताची एकेक वेगळी क्रिया दडलेली आहे. अपेंड म्हणजे टांगणं. लॅटिनमध्ये 'पेंडेरे' म्हणजे लटकणं किंवा लटकवणं. पेंडंट, पेंड्युलम त्यातलेच. ॲनेक्स म्हणजे गाठ मारणं. 'नेक्टेरे' म्हणजे बांधणं, त्यातून कनेक्ट आणि नेक्सस आले. एन्क्लोजर म्हणजे आत घालून बंद करणं, म्हणजे पाकिटात. सप्लिमेंट म्हणजे उरलेली जागा भरून काढणं. ॲडेंडम म्हणजे 'जे घालायलाच हवं ते', अजेंडा जसं 'जे करायलाच हवं ते'. आणि नुसतं ॲड म्हणजे 'ला देणं'.

आपण सगळ्याला 'जोडणं' म्हणून टाकतो आणि इंग्रजीत टांगा, बांधा, कोंडा, भरा, द्या. तुम्हाला आणखी काही माहीत असेल तर येऊ द्या. ताई, तुमचं काम आम्ही का करू, असं म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

चहाटळ | ९.५२

+१

(हेही जोडणंच आहे ना?)

कोर्टाची_पायरी | १०.०५

ताई, तुमच्या कोशाची चूक नाही. जप्ती हाच अटॅचमेंटचा थोरला अर्थ आहे. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द खुंट्याशी निगडित होता, म्हणजे खुंटा ठोकून पक्कं करणं. इंग्रजीतला 'स्टेक' त्याच्या नात्यातला. इंग्रजीत हा शब्द शिरला तो कायद्याच्या दारातून. चौदाव्या शतकात अटॅच करणं म्हणजे माणसाला किंवा मालाला कायद्याने ताब्यात घेणं. कागद कागदाला चिकटवणं हा अर्थ नंतरचा.

आमच्याकडे रोजचाच शब्द. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ६० मध्ये काय जप्त होऊ शकतं आणि काय नाही याची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, बियाणं यांना हात लावता येत नाही. एक पक्षकार आजी मला विचारत होत्या, 'वकीलसाहेब, कुकर भांड्यात येतो ना?' येतो म्हटलं.

आणि अटॅक हा अटॅचचा सख्खा भाऊ. एकच मूळ, पण तो इटालियनमधून फिरून आला. 'लढाईला जोडणं' म्हणजे लढाईला भिडणं.

उखळमुसळ | १०.१८

अवांतर होईल, पण मला हा विषय स्वयंपाकघरातून छळतोय. हल्ली पाककृतीचे व्हिडिओ बघा. 'आता आपण यात मीठ ॲड करूया, आता हळद ॲड करूया, आता पाणी ॲड करूया.' अगं बाई, मीठ घालतात, हळद टाकतात, पाणी ओततात! तव्यावर कडेने तेल सोडतात. दुधाला विरजण लावतात. भाजीला दाण्याचं कूट लावतात आणि पीठ पेरून भाजी करतात तेव्हा पीठ पेरतात. करंजीच्या पिठात मोहन घालतात. वरून खोबरं भुरभुरवतात. आणि आधणात तांदूळ 'वैरतात'. हा शब्द माझ्या सुनेला माहीत नव्हता. तिला वाटलं मी गुरांच्या वैरणीबद्दल बोलतेय.

इंग्रजीत टांगा-बांधा-भरा आहे म्हणून कौतुक करताय, आपल्या ओट्यावर काय कमी आहे?

शाईदौत | १०.२३

उखळमुसळ काकू, हे अजिबात अवांतर नाही. हेच तर म्हणतेय मी. वैरणे हा शब्द मी आज्जीनंतर पहिल्यांदा ऐकला.

टर्मिनल_टोळ | १०.५०

आमच्या धंद्यातलं सांगतो. पायथन या संगणकाच्या भाषेत लिस्टमध्ये काही घालायचं तर 'अपेंड' म्हणावं लागतं आणि सेटमध्ये घालायचं तर 'ॲड'. नवीन पोरं नेहमी गोंधळतात, मीही गोंधळायचो. आज ताईंचं वाचून ट्यूब पेटली. लिस्टला क्रम असतो, म्हणजे शेवट असतो, म्हणजे टांगायला शेपूट असतं. सेट म्हणजे पोत्यातले बटाटे, त्याला शेपूटच नाही. तिथे टांगणार कशाला? तिथे नुसतं 'देता' येतं. ज्याने कुणी ही नावं ठेवली त्याने लॅटिन उघडून ठेवली नसतील, पण बसली मात्र चपखल.

तिसरा शब्द कॉनकॅटिनेट. 'कातेना' म्हणजे साखळी. युनिक्स या संगणकप्रणालीत 'कॅट' ही आज्ञा आहे ना, ती मांजर नाही, या साखळीचं आखूड रूप आहे. फाईलीला फाईल, कडीला कडी.

आणि मेलची अटॅचमेंट ज्या माइम पद्धतीने जाते, त्या पद्धतीचा पहिला मेल नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी ११ मार्च १९९२ रोजी पाठवला. सोबत काय होतं? ते ज्यात गात त्या चौघांच्या चमूचा फोटो आणि त्यांचं गाणं. तिथून आज आपण 'सॉरी, अटॅचमेंट राहिली' असा दुसरा मेल पाठवण्यापर्यंत आलो.

बाराखडी | ११.३०

चांगला धागा. थोडी भर घालतो.

शाईदौत यांनी पेंडेरेचा उल्लेख केला पण तिथे थांबल्या. या एका धातूवर तुमची अख्खी कचेरी लोंबकळते आहे. पेंडिंग म्हणजे लटकलेलं; आपण त्याला प्रलंबित म्हणतो आणि त्यातला 'लंब्' धातूही लटकण्याचाच. डिपेंड म्हणजे कशाला तरी लोंबून असणं. आपण म्हणतो अवलंबून. सस्पेंड म्हणजे वर टांगणं. आपण म्हणतो निलंबित. म्हणजे फाईल प्रलंबित, कारकून निलंबित आणि त्याचं कुटुंब त्याच्या पगारावर अवलंबून, सगळे एकाच खुंटीला. 'जीव टांगणीला लागणे' हा वाक्प्रचार उगाच नाही.

पुढे जा. पूर्वी काही तोलायचं तर तराजूला टांगायचं. म्हणून पेंडेरेचा अर्थ वजन करणं, आणि पैसे वजनावर मोजून देत म्हणून पैसे चुकते करणं. त्यातून एक्सपेन्स आला आणि त्यातूनच पेन्शन. 'माझी पेन्शन पेंडिंग आहे' या वाक्यात एकच धातू दोनदा लटकतो आहे. मी हे वाक्य निवृत्तीनंतर बरेच महिने म्हणत होतो, त्यामुळे अधिकाराने सांगतो.

मात्र परिशिष्ट हा अपेंडिक्सचा अर्थानुवाद नाही, हे लक्षात घ्या. परि + शिष्, म्हणजे मागे उरलेलं. त्यांचं लटकतं, आपलं उरतं. ग्रंथाच्या शेवटी जे येतं त्याकडे बघण्याच्या या दोन नजरा आहेत. पोटातल्या अपेंडिक्सला मात्र आपण आंत्रपुच्छ म्हणतो, तिथे टोळ यांचं शेपूट परत आलं.

आता सप्लिमेंट. हा मला सगळ्यांत लाडका, कारण इथे नातं सावत्र नाही, रक्ताचं आहे. त्यातला 'प्ले' म्हणजे भरणं. कम्प्लीट, सप्लाय, प्लेंटी त्यातलेच. हा धातू आणि संस्कृतातला पूर्ण, पूरयति यांचा धातू मुळात एक. आणि मराठीत सप्लिमेंटला काय म्हणतात? पुरवणी! कुणी समिती बसवून घडवलेला शब्द नव्हे हा, पुरवणे या घरच्या क्रियापदाचं नाम. दोन भाषा हजारो वर्षं वेगवेगळ्या वाटांनी चालून एकाच दारात उभ्या राहिल्या.

चहाटळ | ११.३४

'सर, पुरवणी!' आणि मग तो पांढरा दोरा. पुरवणी भरायची, दोऱ्याने बांधायची आणि मुख्य उत्तरपत्रिकेला लटकवायची. म्हणजे सप्लिमेंट, ॲनेक्स आणि अपेंड एकाच पेपरला. माझी तर बहुतेक वेळा रिकामीच लटकायची.

शाईदौत | ११.४१

😂 आणि विधिमंडळातल्या 'पुरवणी मागण्या'. अर्थसंकल्प अपुरा पडला की भरून काढायच्या. शब्द किती नेमका आहे हे आज कळलं.

शिळाप्पा | मंगळवार, सकाळी ७.१५

ॲडिक्ट पण ॲडमधूनच ना? एक ॲड केला की आणखी एक ॲड करावासा वाटतो म्हणून?

बाराखडी | ७.५५

नाही हो. ऐकायला छान आहे, पण नाही. ॲडिक्टमध्ये 'डिकेरे' म्हणजे बोलणं आहे. रोमन कायद्यात न्यायाधीश तोंडाने जाहीर करून कर्जबुडव्याला सावकाराच्या हवाली करत. असा हवाली केलेला माणूस म्हणजे 'अड्डिक्टस'. व्यसनाची गुलामी हा अर्थ त्यावरून पुढे आला.

ॲडबद्दल मात्र एक खोच आहे. अड्डेरे = अद् + दारे, म्हणजे '-कडे देणं', असं सर्रास सांगतात आणि ते चूक नाही. पण लॅटिनमध्ये शब्दाच्या पोटात गेल्यावर 'देणं' आणि 'ठेवणं' या दोन धातूंचा आवाज सारखाच होऊन बसला. संस्कृताने ते वेगळे जपले : दा आणि धा, ददाति आणि दधाति. त्यामुळे अड्डेरे म्हणजे 'वर ठेवणं' असंही काही अभ्यासक म्हणतात. मला स्वतःला ठेवणं जास्त पटतं. ढिगावर आणखी एक दगड ठेवला, वाढला ढीग. एडिटरमधला 'डी' मात्र देण्याचा. बाहेर देणारा तो एडिटर.

कोर्टाची_पायरी | ८.२०

जाहिरातीची ॲड वेगळी आणि आम्ही नावाआधी लावतो ती 'ॲड.' (ॲडव्होकेटची) पण वेगळी, हेही सांगून टाका म्हणजे पुढचे चार प्रतिसाद वाचतील.

मांडवी | १०.४०

गोव्यातून माझी चार आणे भर. लॅटिनमध्ये 'आउगेरे' म्हणजे वाढवणं. त्यातून ऑगमेंट आला हे कळतंच, पण ऑक्शनही तिथूनच : बोली वाढत वाढत जाते म्हणून. ऑथरसुद्धा, म्हणजे जो वाढवतो तो. संस्कृतातलं ओजस् याच कुळातलं. आपण मात्र ऑक्शनला लिलाव म्हणतो आणि तो आमच्या पोर्तुगीजांकडून आला : 'लेइलाँव'. पोर्तुगीजांनी तो अरबीतून उचलला होता, मूळ अर्थ पुकारा, जाहीर करणं. म्हणजे रोमन माणसाला लिलावात वाढणारी किंमत दिसली आणि अरबाला ओरडणारा माणूस ऐकू आला. म्हापशाच्या बाजारात मासळीची बोली ऐकलीत तर अरबाचंच खरं वाटेल.

याच आउगेरेचा एक जुना इंग्रजी चुलतभाऊ होता, 'ईक'. अर्थ वाढवणं, आणि 'शिवाय'ही. आता तो 'ईक आउट' एवढ्यातच उरलाय. तुटपुंज्यात थोडं थोडं घालून भागवणं. पण दुसऱ्या एका ठिकाणी तो वेष पालटून राहतोय. जादाच्या नावाला म्हणत 'ॲन ईकनेम'. बोलता बोलता ॲनमधला 'न' पुढच्या शब्दाला चिकटला आणि झालं 'अ नीकनेम'. तेच आजचं निकनेम! आपलं टोपणनाव बघा, ते नावावर टोपण घालतं, झाकतं. त्यांचं नाव वाढवतं.

टर्मिनल_टोळ | १०.४८

कहर! या धाग्यावर सगळे ईकनेम घेऊनच बसलेत की.

बाराखडी | दुपारी १२.१०

मांडवी, सुरेख. ऑगमेंटवरून आठवलं. संस्कृतात भूतकाळी क्रियापदाला पुढे 'अ' लागतो, गच्छति – अगच्छत्. त्या 'अ'ला इंग्रजी व्याकरणकार ऑगमेंटच म्हणतात. पाणिनीय परंपरेत तो 'आगम', आलेला. आणि जुन्याला हटवून त्याच्या जागी बसतो तो 'आदेश'. आमचे गुरुजी सांगायचे : मित्रवदागमः, शत्रुवदादेशः. आगम मित्रासारखा येऊन शेजारी बसतो, आदेश शत्रूसारखा येऊन मूळ मालकाला उठवतो. जोडणं आणि बदलणं यातला फरक याहून थोडक्यात सांगितलेला मी वाचलेला नाही.

कोर्टाची_पायरी | १२.३१

मग ॲनेक्स हा आगमाचा वेष घेतलेला आदेश म्हणायचा. गाठ मारली म्हणे! डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर ॲनेक्स केलं. वारस नाही, दत्तक मान्य नाही, संपलं. मराठीत त्याला कुणी 'जोडलं' म्हटलं नाही. आपला शब्द 'खालसा केलं'. अरबी खालिस म्हणजे निर्भेळ; खालसा जमीन म्हणजे मध्ये कुणी जहागीरदार नसलेली, थेट सरकारची. इंग्रजाच्या बाजूने पाहिलं तर राज्य 'बांधून घेतलं', इकडून पाहिलं तर मधला धनी पुसला.

आणि तोच शब्द पुढे हॉटेलच्या मागच्या जादा इमारतीला.

शून्यप्रहर | रात्री ८.३५

उशिरा आलो, दिवसभर शाळा. गणित शिकवतो, म्हणून सगळ्यांनी सोडलेला शब्द घेतो : इंग्रजीतला सम, म्हणजे बेरीज. लॅटिन 'सुम्मा' म्हणजे सर्वांत वरचा, समिट त्यातलाच. रोमन लोक आकड्यांची चळत खालून वर मिळवत जात आणि उत्तर माथ्यावर लिहीत, असं याचं कारण सांगतात. आपण उत्तर रेघेखाली लिहितो आणि तरी त्याला 'वरचं' म्हणतो. मुलांना हे सांगितलं तर एकाने वहीत बेरीज उलटी करून उत्तर वर लिहिलं. मार्क दिले.

मराठी 'बेरीज' फारसीतून आली, 'वजा' आणि 'बाकी' अरबीतून. गुणाकार-भागाकार मात्र संस्कृत. सोपी कामं दफ्तराने केली, अवघड शास्त्र्यांनी, असं मी वर्गात सांगतो. यात शास्त्र शून्य आहे.

चहाटळ यांच्या +१ बद्दल. छापील पुस्तकात हे चिन्ह पहिल्यांदा दिसतं ते योहानेस विडमान यांच्या १४८९ सालच्या जर्मन पुस्तकात, लाइपझिगला छापलेल्या. लॅटिन 'एत' म्हणजे आणि. ते घाईघाईत लिहिता लिहिता त्यातल्या 'त'ची फुली उरली, असं मानतात. इंग्रजीत ते रुळवलं रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये, ज्यांनी बरोबरचं चिन्हही दिलं. याच 'एत'चं दुसरं वळण म्हणजे दुकानांच्या पाट्यांवरचा '&'.

पण खरी मजा बख्शाली हस्तलिखितात आहे. पेशावरजवळ मर्दानच्या बाजूला १८८१ मध्ये जमिनीत सापडलेली भूर्जपत्रं, सध्या ऑक्सफर्डला. त्यात अंकापुढे अगदी असंच + चिन्ह येतं आणि त्याचा अर्थ वजा! मिळवायचं असेल तर 'यु' लिहिलेलं, युत या शब्दाचं आद्याक्षर. म्हणजे चहाटळ, त्या लेखकाने तुमचा प्रतिसाद एक मत कमी करणारा म्हणून वाचला असता.

चहाटळ | ८.३८

तसाही तो तसाच वाचला जातो.

शून्यप्रहर | ८.५५

:) आणि युत म्हटल्यावर ते सांगायलाच हवं. संस्कृत युज्, लॅटिन युंगेरे, इंग्रजी जॉइन आणि योक. एकच धातू. बैलाच्या मानेवरचं आपलं 'जू' संस्कृतातल्या 'युग' या शब्दातून आलं, तेही तिथलंच. दोन बैल एका जुवाखाली, ही जोडण्याची सगळ्यांत जुनी प्रतिमा असावी असं मला वाटतं. माझ्या आजोबांच्या जुवाला मधे एक खाच होती, तिथे दोर घासून घासून लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. जॉइन म्हटलं की मला ती खाच दिसते.

काकूंच्या घालणे-ओतणे-पेरणेला गणितातली जोड देतो. लीलावतीत भास्कराचार्य विचारतात : २, ५, ३२, १९३, १८, १०, १०० यांची बेरीज सांग आणि ती दहा हजारांतून वजा कर. उत्तर ३६० आणि ९६४०. पण भाषा बघा. पहिल्या आकड्यांना म्हणतात 'सहित' करून सांग, शंभर आले की ते 'शतोपेत', म्हणजे शंभर जवळ आलेले, आणि बेरजेच्या रीतीला 'युक्ति'. एका श्लोकात बेरजेला तीन शब्द. छंद सांभाळायचा होता हे खरंच, पण 'जवळ आलेले शंभर' हे काही नुसतं छंदासाठी सुचत नाही.

उखळमुसळ | ९.२०

गुरुजी, मग 'हातचा' कुठून? इंग्रजीत कॅरी म्हणतात, नेतात. आपण हातात ठेवतो.

शून्यप्रहर | ९.२६

बोटावर धरून ठेवायचा म्हणून हातचा, माझ्या मते तरी. मुलं आजही करंगळी मुडपून धरतात. विसरली की करंगळी तशीच आणि बेरीज दहाने कमी.

मांडवी | ९.४४

पत्र लिहून झाल्यावर आठवलेलं जोडायला 'ता. क.' आहेच. लॅटिनमध्ये पोस्ट स्क्रिप्टम, म्हणजे 'नंतर लिहिलेलं'. आपलं ताजा कलम! एकाला ते उशिरा आलेलं वाटतं, दुसऱ्याला ताजं. कुणी अजून पूर्ण लिहितं का हे? माझे बाबा लिहायचे, आणि खरी बातमी नेहमी तिथेच असायची.

शाईदौत | बुधवार, संध्याकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस खपून मसुदा नव्याने केला. अपेंडिक्स = परिशिष्ट, ॲनेक्शर = जोडपत्र १ आणि २, एन्क्लोजर = सहपत्र, सप्लिमेंट = पुरवणी, ॲडेंडम = पूरकपत्र. 'सी अटॅचमेंट'ला 'सोबतचा कागद पाहावा' केलं, जप्ती टाळली. वर अर्ध्या पानाची टीपही लिहिली, टांगणे-बांधणे-भरणे सकट.

आज फाईल सही होऊन आली. साहेबांनी टीप वाचली असावी, कारण 'पुरवणी'खाली पेन्सिलीने बरोबरची खूण आहे. मग सगळी यादी आडवी रेघ मारून खोडली आहे आणि पत्राच्या तळाशी डावीकडे स्वतःच्या अक्षरात लिहिलंय :

सोबत : वरीलप्रमाणे.